पडीक रानाची राखण

— तसं न्हाई साहेब, रायफल लिहा, बंदूक लिहू नका. ह्यांनी मला बजावून ठेवलंय — ठाण्यातून जमादार साहेब लायसनच्या चौकशीला आले आन मी रानात असलो, तर एवढंच सांग, दुनळी बंदूक न्हाई, रायफल. बोल्टाची. तीनशे पंधरा. बघा, पाठ झालंय मला. बारावीला इंग्रजीची एक कविता पाठ झाली न्हाई, आन हे झालं. — बसा ना तुमी, बाज मजबूत हाय. घोंगडी टोचत असंल तर काढते. आत्याबाई आत्ताच गेल्यात ह्यांना बोलवायला — माझ्या सासूबाई, अनुसयाबाई — रान लांब न्हाई, नाल्याच्या पल्याडच, पण त्यांचे गुडघे बराबर चालत न्हाईत, वेळ लागंल. मामंजी मेंढरामागं गेलेत, ते दिवस मावळताना येतील. तवर मीच हाय घरी. आन मला फार बोलता येत न्हाई, साऱ्या साखरा गावात म्हणतात, मसाजीनं मुकी सून आणली. तवा तुमी विचाराल तेवढंच सांगते. चहा टाकते. दूध शेळीचं हाय, चालंल का?

नाव? नाव तुमच्या कागदावर हाय ना — वाचा तुमीच. "परमेश्वर मसाजी." व्हय, तेच. घ्या, तुमी वाचलं, मी न्हाई घेतलं. माझं मोहिनी. माहेर डोंगरकडा, कळमनुरी तालुका. लग्न वैशाखात झालं, औंदाच. — न्हाई साहेब, दारू न्हाई. तंबाकू बी न्हाई. भांडण? भांडायला आधी बोलावं लागतं. ह्यांचं कोणाशी भांडण व्हायचं तर समोरच्यालाच दोन्हीकडून बोलावं लागंल. मारहाण, केस, काही न्हाई, लिहा बिनधास्त. स्वभाव — स्वभाव काय सांगू? पहाटे मी उठायच्या आधी चुलीपाशी सरपण रचून ठेवलेलं असतं. थंडी वाजली तर कोणीतरी घोंगडी टाकून गेलेलं असतं. कोणी टाकली ते दिसत न्हाई, सकाळी नुसती घोंगडी दिसती. असा स्वभाव हाय. एवढं तुमच्या रकान्यात मावत न्हाई, व्हय ना? मग 'शांत' लिहा.

कशासाठी पाहिजे — रानडुकरांसाठी, दुसरं कशासाठी? इथं कोणाला बी विचारा. हौस म्हणून न्हाई, रुबाब म्हणून न्हाई. चांगली पारखून घेऊन राहिलेत. पारखायला मी होते ना सोबत! तुमाला खोटं वाटंल, पण मी होते. आखाडात मी माहेरी गेले होते, नवी नवरी जातीच, आन मला आणायला हे आन मामंजी दोघं आले. हिंगोलीला डेपोत उतरलो, सेनगावच्या गाडीला वेळ होता, तर मामंजी म्हणाले, चला सूनबाई, जरा बाजारात जाऊन येऊ. मला वाटलं, साडी. निदान बांगड्या. आत पाऊल टाकलं तर भिंतीला साखळी लावून बंदुका उभ्या. मी पदर सावरला — बंदुकीपुढं पदर कशाला सावरायचा, पण सावरला. दुकानवाले चाचा म्हातारे, डोळ्याला जाड भिंगं. ते मामंजीला म्हणतात, "क्या पाटील, बहू के साथ आये, किसका शिकार करना है?" आमचे मामंजी कुठले पाटील, जन्मभर मेंढरामागं, पण पाटील म्हणलं की माणूस जरा ताठ बसतोच.

चाचांनी तीन काढल्या. एक दुनळी, बारा बोरची. स्वस्त. म्हणाले, डुक्कर जवळून येतं, त्याला हीच बरी, सगळे शेतकरी हीच नेतात. एक कोणत्यातरी जुन्या जमीनदाराची, इलायती, लाकडावर अशी नक्षी की देव्हाऱ्यावर नसंल — ती त्यांनी नुसती दाखवायला काढली होती, आमच्याकडं बघूनच त्यांना कळलं असंल. आन तिसरी ही. सरकारी कारखान्यातली, ना लई महाग ना लई स्वस्त. अंगाला काही नक्षी न्हाई, नुसतं तेल लावलेलं लाकूड. ह्यांनी बाकी दोघींकडं पाहिलंबी न्हाई. ही उचलली आन हातात तोलली — आमच्याकडं कोकरू विकत घेताना मागचे पाय धरून तोलतात ना, तशी. चाचांनी तिचा बोल्ट कसा चालवायचा ते दाखवलं. मूठ वर उचलायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची, खाली पाडायची. दाराला कडी लावल्यासारखं. मी म्हणलं, हे तर मला बी येईल. मनात म्हणलं. ह्यांनी तसं केलं, एकदा, दोनदा, किती बार केलं साहेब — डोळे मिटून बी केलं. दुकानात दुसरा आवाज न्हाई, नुसता खट-खट, खट-खट. चाचा म्हणले, "बस भाऊ, अपनीच हो जाएगी, फिर करते रहना." चाचांनी इमानदारीनं सांगितलं की ह्याची गोळी लांब जाती, पल्याडच्या रानात माणसं असतात, विचार करा. तर हे म्हणले, "लांब न्हाई मारायची." एवढंच. मामंजीनं विचारलं, पहिली चुकली तर दुसरी भरायला किती वेळ लागतो? चाचा म्हणले, भरायचीच न्हाई, पाच आतच बसतात, फक्त कडी ओढायची. आन हे म्हणले —

हे म्हणले, "दुसरी कशाला लागती."

सगळे हसले. चाचा म्हणले, "वा रे निशानेबाज!" मामंजीनं पाठीवर थाप मारली, वर्षभरात पहिल्यांदा लेकाच्या पाठीवर थाप मारली असंल त्यांनी. मी बी हसले. पदराआड हसले. मला वाटलं, आपला नवरा अगदीच मुका न्हाई, चारचौघांत एखादा टोला मारतो. तिथून फोटो काढायला गेलो, अर्जाला लागतो तो. फोटोवाला म्हणाला, नवी जोडी हाय, जोडीचा बी काढा. हे उभे राहिले, मी उभी राहिले. तो म्हणतो, जवळ सरका. मी सरकले. तो म्हणतो, अहो भाऊ, तुमी सरका, मधात एक माणूस मावंल एवढी जागा ठेवलीय. हे न्हाई सरकले. फोटोत बी ती जागा तशीच आलीय. — दाखवू? राहू द्या, तुमच्या चौकशीत फोटोचं काय काम. उकळला चहा. घ्या.

पीक? पीक तूर. न्हाई — म्हणजे दुकानात चाचांनी विचारलं, रान केवढं, पीक कोणतं, तवा ह्यांनी तूर सांगितली. आन मी मान डोलावली, मी माहेरी होते, मला काय माहीत, पेरणीच्या वक्ताला मी नव्हतेच इथं. तूरच लिहा. — तुमी कोणत्या वाटंनं आलात साहेब? नाल्याकडून? गाडी पल्याड लावून? मग — मग तुमाला दिसलंच असंल. व्हय, तेच आमचं. मधात माळा हाय तेच. आजूबाजूला सगळ्यांचं सोयाबीन गुडघ्यावर आलंय आन मधात ते गवत. न्हाई पेरलं. औंदा न्हाई पेरलं. मला बी तवाच कळलं, गाडीतून उतरून घरी येताना. मी ह्यांच्या मागं चालत होते, मी म्हणलं, आपलं रान कोणतं? ह्यांनी बोट दाखवलं. मी म्हणलं, तूर कुठं हाय? ह्यांनी ऐकलं न्हाई असं केलं. मामंजी म्हणले, औंदा रानाला जरा विसावा दिला सूनबाई, पुढच्या साली दुप्पट येईल. रानाला विसावा! — तुमी लिहायचं थांबला काहून? साहेब, माळा रोज दुरुस्त करतात, हे खरं हाय. रोज संध्याकाळी जातात, मोडलेली फांदी बदलतात, सुंभ आवळतात, वर बसतात. राखण करतात हे काही खोटं न्हाई. कशाची करतात ते — ते मला विचारू नका. डुकरं गवतात बी येतातच की.

ते डुक्कर न्हाई हो. ते तर तवाच मेलं. —

काही न्हाई. असंच म्हणलं. तुमाला बशी देऊ का, चहा गरम असंल.

ठाण्यात नोंद असंलच त्याची, तुमाला माहीत नसंल तर बदली होऊन आला असाल. गेल्या मार्गेसर महिन्यात डुकरानं माणूस मारला. ह्यांचे मोठे भाऊ. नाव संतराम. त्यांचं नाव मला घेता येतं का येत न्हाई, हे मी कोणाला विचारलं न्हाई, सांगणारं बी कोणी न्हाई. आधी नवरा होणार म्हणून घ्यायचं नव्हतं. मग थोरले दीर म्हणून घ्यायचं न्हाई. — व्हय, बराबर ऐकलं तुमी. माझं कुंकू त्यांच्याशी झालं होतं. आमच्या डोंगरकड्याला येऊन कुंकू लावून गेले होते, साखर वाटली होती, हळद वैशाखात धरली होती. एकदाच पाहिलं मी त्यांना. सगळे जेवायला बसले तवा पाणी द्यायला गेले, तर हळूच म्हणले, "आमच्या घरी मेंढरांचा वास येतो, चालंल का?" मला बोलता येतच न्हाई. मान हलवली. तेवढंच आमचं. तेवढ्यावर माणसासाठी किती रडायचं असतं, साहेब? तिकडं माझी माय मला म्हणायची, रडू नको, तुझा कोण लागतो तो अजून? आन बाया म्हणायच्या, रड की, कोरडी कशी बसलीस? मग इकडून मामंजी आले. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकायचं, न्हाई तर तीन वर्षं थांबायचं, असं हाय आमच्याकडं. आन माझ्या बापाला फिकर, कुंकू लागलेली पोरगी दुसरीकडं कोण करील. दोघांनी बसून ठरवलं. तारीख बी बदलली न्हाई. वैशाखातली तीच. बाशिंग तेवढं दुसऱ्याच्या कपाळाला बांधलं. मला कोणी विचारलं न्हाई — त्याचं काही न्हाई, पोरीला कोण विचारतं? पण ह्यांना बी कोणी विचारलं न्हाई.

डुकराचं — तेच सांगून राहिले. फाशातून सुटलेलं होतं, कोणीतरी फास लावला होता नाल्याला, मागच्या पायात तार रुतलेली. जखमी होतं म्हणून अंगावर आलं. दोन-तीन दिवसांनी नाल्यातच मरून पडलेलं सापडलं. गावानं पाहिलं. हे बी पाहायला गेले. लोक नाकाला फडकं लावून लांब उभे, आन हे जवळ जाऊन बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आत्याबाईनं सांगितलं मला. आत्याबाईला वाटतं, रागानं. राग असा असतो का, काका? — काका म्हणलं तर चालंल ना? साहेब म्हणलं की मला कागदावर बोलल्यासारखं वाटतं. तुमचे केस माझ्या बापासारखे हायत.

राग न्हाई तो. माप घेत होते. डुकराची पाठ केवढी असती, उंची केवढी, रंग कसा. — मला माहीत हाय. मला एकटीलाच माहीत हाय. एवढं सगळं बोलले ते मला माझ्या लग्नात, आन एकदाच बोलले. भाकर घेऊन गेले होते मी माळ्यावर. खाली उभी राहून वर गाठोडं दिलं, तर म्हणतात, वर ये. मी चढले. दिवस मावळायला आला होता, आमची मेंढरं पल्याडच्या वावरात बसवायची होती, खतासाठी लोक बसवून घेतात ना, तिथं मामंजी वाघूर लावत होते — मेंढरं कोंडायची जाळी. हे खाली बोट दाखवून म्हणतात, "सांग, त्यातली काळी कोणती?" आता आमची मेंढरं सगळी काळीच असतात, काका, गावरान. मी म्हणलं, सगळ्याच. म्हणतात, "व्हय. सगळ्याच. अंधारायला लागलं की नुसती पाठ दिसती. त्या दिवशी तूर डोक्याएवढी होती. दादा खाली वाघूर लावत होता, मी इथं वर. तुरीत काळी पाठ हलली. मीच म्हणलो — दादा, काळी घुसली बघ तुरीत, काढ तिला."

मीच म्हणलो, म्हणतात. दादा, काढ तिला.

आन ते गेले. काठी बी नेली न्हाई. मेंढी काढायला काठी कोण नेतं? हिर्र हिर्र करत, मेंढीला बोलावतात तसं बोलावत गेले तुरीत. वरून ह्यांना दिसत होतं, भावाचा पांढरा पटका एकीकडून चाललाय आन ती काळी पाठ दुसरीकडून, आन हे वर बसून सांगून राहिले, आणखी पुढं, आणखी पुढं, डाव्या हाताला.

दुसऱ्या कोणाच्या हातून हे झालं नसतं बघा. दुसऱ्या कोणालाबी तुरीत काळं हललं की आधी डुक्कर दिसतं. मेंढरवाल्याला मेंढीच दिसती. — मांडी फाटली होती. जीपमध्ये घालून हिंगोलीला नेत होते, वाटंतच गेले. गावाला एवढंच माहीत हाय की डुक्कर आलं आन संतराम सापडला. आत्याबाईला तेवढंच, मामंजीला तेवढंच. हाक कोणाची होती ते कोणाला माहीत न्हाई. — काका. हे लिहू नका. लिहून तर न्हाई ना राहिले? हे कशात बसतं का? गुन्ह्यात बसतं? न्हाई बसत ना? बराबर बघून सांगा. मी काहून बोलले हे तुमाला, चौकशी तर रायफलीची होती, मी — थांबा, रडून न्हाई राहिले, धूर हाय चुलीचा. ओली लाकडं. आज ह्यांनी सरपण रचलं न्हाई.

आज रचलं न्हाई. मी सकाळपासून तेच बघून राहिले.

तुमी म्हणाल, मग रायफल कशाला. मी बी तेच म्हणून राहिले, काका, आखाडापासून. मनात. डुक्कर मेलं. रान पडीक. बाकीची डुकरं गावात सगळ्यांच्याच रानात येतात, लोक डबे वाजवतात, फटाके फोडतात, कोणी कलेक्टरपर्यंत गेलं न्हाई. हे गेले. ज्यांना तहसीलच्या माणसाशी दोन शब्द बोलता येत न्हाईत ते हिंगोलीला खेटे घालून राहिले. मामंजी खूश हायत. त्यांना वाटतं, लेक माणसांत येऊन राहिला, भावाचा बदला घेणार, घेऊ द्या. त्यांनी चांगले एडके विकायला काढलेत. आत्याबाई बी खूश. एक मीच करंटी. मला ते दुकानातलं ऐकू येतं. "लांब न्हाई मारायची." "दुसरी कशाला लागती." मी हसले होते त्याला, काका. पदराआड, पण हसले होते. आन मागच्या आठवड्यात लोकर कातरायची होती, बापलेक मेंढी धरून बसले होते, मी मागं पाणी घेऊन उभी, तर हे मामंजीला म्हणतात, "तिला ठेवून घेऊ नका." मामंजी म्हणले, कोणती, ही मेंढी? हे म्हणले, "तिला. माझं काही कमीजास्त झालं तर तिला माहेरी धाडा, चांगलं घर बघून देऊन टाका. आपल्या घरात आता आणखी कोणी न्हाई तिला द्यायला." मामंजी रागावले, अभद्र बोलू नको म्हणले, आन कातर चालू केली. मी तांब्या तिथंच ठेवला आन आत आले. कोणाशी बोलणार? मुकी हाय ना मी.

ते वाईट न्हाईत, काका. तुमी काही वाईट लिहू नका. लग्न झाल्यापासून अंगणात झोपतात, मेंढरांपाशी. मला वाटायचं, मी आवडले नसंल. तसं असतं तर बरं झालं असतं, तसं असलेल्या बायका बी संसार करतातच. पण ह्यांना वाटतं, भावाचं ताट हाय आन आपण जेवून राहिलो. भावाचं रान म्हणून पेरत न्हाईत. भावाची बायको म्हणून — मी त्यांची बायको झालेच न्हाई, काका, एक दिवस. घ्या, हे बी बोलले. आता राहिलं काय?

म्हणून म्हणते, देऊ नका. तुमच्या हातात असंल तेवढं करा. रान पडीक हाय एवढंच लिहा, ते खरंच हाय, तुमी डोळ्यांनी पाहिलं. माझं नाव नको. — न्हाई, मला कळतं. मी काही एवढी येडी न्हाई. रायफल न्हाई मिळाली तर गावात विहिरी काही कमी न्हाईत. तुमचा एक कागद अडवून माणूस अडत न्हाई. पण ते ह्या कागदाची वाट बघून राहिलेत, काका. रोज विचारतात, ठाण्यातून कोणी आलं का. म्हणजे तवर थांबलेत. तुमी कागद लांबवा, मग ते तेवढं लांबतील. आणखी एखादी सही मागा, आणखी एक फोटो मागा, सात-बारा जुना हाय म्हणा, तुमाला काय शिकवायचं — सरकारला लांबवता येतं, सगळे म्हणतात. एकदा तरी आमच्या कामाला येऊ द्या ते. तवर मी — तवर मी काय करीन ते मला बी माहीत न्हाई. बोलायला शिकीन.

— आले. व्हय, तेच. आत्याबाई मागं राहिल्या, हे पुढं आले. बघा, हातात सुंभ हाय अजून. तुमी तसेच बसा. चष्मा पुसा, डोळ्यात धूर गेलाय तुमच्या.

अहो, जमादार साहेब आलेत. हात धुवा. पाणी तिथं हाय. — व्हय साहेब, झालं सगळं लिहून, मी सांगितलं, तीनशे पंधरा, बोल्टाची. आणखी काय राहिलं? एकच? विचारा ना. मला? मला कशाला — घरचं माणूस म्हणून? विचारा.

घरच्यांची काही हरकत हाय का, म्हणता.

…

न्हाई आत्याबाई, तुमी थांबा, दम घ्या तुमी. मला विचारलंय त्यांनी. —

हाय.

हाय म्हणलं. हरकत हाय. माझी. तुमी माझ्याकडं काहून बघून राहिले साहेब, लिहा की! लिहिता येत न्हाई का? बायकोची हरकत हाय. आत्याबाई, ओरडू नका, मला बी ओरडता येतं आता. कारण? कारण लिहायला जागा केवढी हाय? — न्हाई, तेवढ्यात बसत न्हाई. कोरं सोडा. कारण ह्यांना माहीत हाय. बघा ना, खाली बघतात ते, म्हणजे माहीत हाय. मला कोणी विचारून दिलं न्हाई इथं, व्हय ना, पण दिलं. आता मी हाय. मी कोणाच्या ताटातली न्हाई. मला विचारल्याबिगर कोणी कुठं जायचं न्हाई — अहो, तुमी कुठं निघाला? न्हाई काका, तुमी न्हाई, ह्यांना म्हणलं. थांबा. माळ्यावर जायचं न्हाई आत्ता. मी काय म्हणते ते ऐकून घ्या, मग जा. मग मी बी येते, दोघं जाऊ. सुंभ ठेवा खाली.

ठेवा म्हणलं ना.

… बसले. काका, उंबऱ्यात बसले. घरात असे कधी बसत न्हाईत ते.

तुमी निघा आता. टोपी घ्या तुमची, ती बाजेवर राहिली. आत्याबाई, साहेबांना नाल्यापर्यंत वाट दाखवा — व्हय, माहीत हाय त्यांना वाट, तरी दाखवा. काही विचारायचं राहिलं असंल तर पुन्यांदा या, महिन्यानं या, दोन महिन्यानं या. आत्ता न्हाई. मला ह्यांच्याशी बोलायचंय. निघा ना काका, किती बार सांगू.